‘गूळ’ ऐकू येतो, ‘ऊस’ का येत नाही?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा आणि तोडणीच्या पाळ्या यांविषयी लिहितो. आज विषय कानाचा आहे. तो का घेतला, ते आधी सांगतो.

मागच्या गळीत हंगामात आपल्या एका जुन्या सभासदाच्या फडाची तोड ठरली. चिटबॉयने फोनवर सांगितले, “आबा, सात तारखेला टोळी येईल.” आबांनी ऐकले ‘आठ’. सात तारखेला सकाळी टोळी हजर, ट्रॅक्टर हजर, आणि आबा लग्नाला पिंपळगावी गेलेले. टोळी पुढच्या फडात गेली, आबांची पाळी लांबली, ऊस वाळला, वजन घटले. गट ऑफिसात मोठी बोलाचाली झाली. चिटबॉय म्हणे, “मी सातच सांगितलं.” आबा म्हणत, “मी काय बहिरा आहे? फोनवर तुझा आवाज मला खणखणीत आला.”

घरच्यांनी आग्रह केला म्हणून आबा कान तपासून आले. तिथे सांगण्यात आले, “वयाच्या मानाने कान ठीक आहेत.” हातात आलेखाचा एक कागद मिळाला. आबांनी तो घरात सगळ्यांना दाखवला आणि बजावले, “कान चांगले आहेत. आता तुम्हीच तोंड उघडून बोलायला शिका!” सूनबाई म्हणाल्या, “आबांना नको ते बरोबर ऐकू येतं.”

आम्ही याची माहिती घेतली, तेव्हा ध्यानात आले की चिटबॉय खरे बोलत होता आणि आबाही खरे बोलत होते. आवाज आला होता. शब्द आला नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि नेहमीच्या कानतपासणीत त्यांतली एकच मोजली जाते.

वजन आणि उतारा

आपल्याला हे समजायला अवघड नाही. दोन ट्रॉल्या काट्यावर सारख्या भरल्या म्हणजे त्यांतून साखर सारखीच निघेल असे नाही. एकीचा उतारा चांगला पडेल, दुसरीचा पडणार नाही. काटा खोटा नसतो, पण काटा फक्त वजन सांगतो. उतारा कळायला रस तपासावा लागतो.

कानाचेही तसेच आहे. हेडफोन लावून ‘पीं’ असा आवाज ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायला किंवा बोट वर करायला सांगतात, ती तपासणी म्हणजे काटा. अगदी हळू असा कोणता सूर कानाला जाणवतो, एवढेच ती मोजते. माणसाला बोलणे किती समजते, हा उतारा झाला. त्यासाठी शब्दांची वेगळी परीक्षा असते. ती आपण मागत नाही, कारण ती असते हेच बहुतेकांना ठाऊक नसते.

कागद कसा वाचावा

त्या आलेखावर आडवे आकडे असतात २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८०००. आवाजाची कंपने सेकंदाला किती, ते हे आकडे सांगतात. त्यांना हर्ट्झ म्हणतात. भजनात पखवाजाची घुमणारी थाप डावीकडची, टाळांचा छनकार उजवीकडचा. उभे आकडे डेसिबलचे, म्हणजे आवाज किती मोठा करावा लागला त्याचे. उजव्या कानाला तांबडे गोल आणि डाव्या कानाला निळ्या फुल्या असतात. खुणा जितक्या वर तितका कान चांगला, जितक्या खाली उतरतील तितके कमी ऐकू येते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. “माझा कान चाळीस टक्के गेला,” असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. कागदावरचे ४० हे टक्के नसून डेसिबल आहेत. डेसिबलचे माप पायरीपायरीने वाढत नाही, पटीत वाढते. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ४० डेसिबल कमी ऐकू येणाऱ्या माणसाला तोच सूर जाणवायला दहा हजार पट ऊर्जा लागते. आकडा लहान दिसला म्हणून निर्धास्त राहू नये, आणि टक्के समजून घाबरूही नये.

एका शब्दात दोन टोके

आता आपल्या रोजच्या तोंडचा शब्द घेऊ. ‘ऊस’. यातला ‘ऊ’ हा खालच्या सुरांचा आहे. त्याचा बहुतेक जोर १००० हर्ट्झच्या खालीच असतो. ‘स’ मात्र अगदी वरचा. त्याची सळसळ मुख्यतः ४००० च्या पुढे असते आणि ती फार हलकी असते. ज्याच्या कानाचा वरचा भाग गेला आहे त्याला ‘ऊ’ स्पष्ट ऐकू येतो आणि ‘स’ हवेत विरून जातो. त्याला ऊन, ऊस, ऊठ सगळे एकच. ‘गूळ’ मात्र त्याला बरोबर कळतो, कारण त्यातला ग, ऊ आणि ळ सगळे बहुतांशी खालच्या आणि मधल्या सुरांत बसतात.

बोलण्याचा जोर स्वरांत असतो आणि अर्थ बराचसा व्यंजनांत असतो. आणि मराठीत कितीतरी शब्द एका व्यंजनावर फिरतात. ‘साठ’मधला ‘स’ गेला की ‘आठ’ उरते. ‘शाल’ आणि ‘साल’, ‘ताट’ आणि ‘थाट’, ‘पाट’ आणि ‘फाट’ यांतला फरक तोंडातून सुटणाऱ्या हवेच्या हलक्या झोताचा असतो. ‘त’ आणि ‘ट’ यांना वेगळे करणारी खूण बरीचशी २००० ते ४००० च्या पट्ट्यात असते. आबांच्या ‘सात’चा ‘स’ पडला, राहिला ‘आत’. टोळी ‘आत तारखेला’ येत नसते, म्हणून मेंदूने जवळचा आकडा लावून टाकला, ‘आठ’. ऐकणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याचा मेंदू गाळलेल्या जागा भरत असतो आणि कधी कधी चुकीच्या भरतो.

त्यात फोनची भर. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जाई, आणि मोबाइलवरचे बरेच कॉलही त्याच पट्ट्यात चालत आले. म्हणून चांगल्या कानाच्या माणसालाही फोनवर नाव सांगताना “स सशाचा” असे सांगावे लागते. अमेरिकेत बेल टेलिफोन कंपनीत हार्वे फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात याचा पद्धतशीर अभ्यास केला. निरर्थक अक्षरे ऐकवायची, आवाजाचा एकेक भाग कापायचा आणि ऐकणाऱ्याला किती कळले ते मोजायचे. १००० च्या वरचे सूर कापले तर आवाजाचा जोर राहतो, पण अक्षरे कळेनाशी होतात. १००० च्या खालचे कापले तर जोर जातो, पण अक्षरे बरीचशी कळतात. आबांचे म्हणणे यात तंतोतंत बसते. जोर होता, अक्षर नव्हते.

सरासरीत काय लपते

समजा दोन सभासद तपासणीला गेले.

पहिल्याचे आकडे असे. ५०० ला १५ डेसिबल, १००० ला २०, २००० ला ४० आणि ४००० ला ७०.

दुसऱ्याचे आकडे असे. ५०० ला ३५, १००० ला ३५, २००० ला ३५ आणि ४००० ला ४०.

दोघांचीही बेरीज १४५ आणि चारांची सरासरी सुमारे ३६. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात दिलेल्या श्रेणीप्रमाणे दोघेही ‘मध्यम’ गटात येतात. पण दोघांची अडचण अगदी वेगळी आहे. दुसऱ्याला सगळेच थोडे हळू ऐकू येते. मोठ्याने बोलले की त्याचे काम भागते. पहिल्याला दारावरची थाप, गाडीचा हॉर्न, माणसाचा आवाज सगळे कळते, आणि ‘ऊस’ मात्र कळत नाही. शिवाय जेथे ५००, १००० आणि २००० या तीनच सुरांची सरासरी काढतात, तेथे पहिल्याची सरासरी २५ च भरते आणि “विशेष काही नाही” असे सांगून त्याला घरी पाठवले जाते. म्हणून कागदावर खाली लिहिलेला एक आकडा पाहून थांबू नये. रेघ कुठे आणि किती घसरते ते पाहावे.

ओरडून का भागत नाही

कानात आत गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिच्यात केसासारखे तंतू असलेल्या पेशींच्या रांगा असतात. वरचे सूर टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशी आणि खालचे सूर टिपणाऱ्या अगदी आत टोकाला. वयाने आणि गोंगाटाने तोंडाजवळच्या पेशी आधी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. या पेशींतल्या काही हलका आवाज वाढवून देण्याचे आणि जवळजवळचे सूर वेगळे करण्याचे काम करतात. त्या गेल्या की हळू बोललेले ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोललेले एकदम अंगावर येते.

म्हणूनच घराघरांत हा प्रसंग घडतो. एकदा सांगितले, ऐकू आले नाही. दुसऱ्यांदा सांगितले, तरी नाही. तिसऱ्यांदा ओरडून सांगितले की म्हातारा म्हणतो, “ओरडतोस कशाला? मी काय बहिरा आहे?” दोघेही खरे असतात. ओरडल्याने स्वर वाढतात, ‘स’ तेवढा वाढत नाही. उलट ‘ऊ’च्या गर्जनेत तो आणखी बुडतो.

दुसऱ्या प्रकारात पडद्याला भोक असते, कान वाहत असतो किंवा मळाचा बोळा बसलेला असतो. तिथे आतला शंख चांगला असतो, वाट बंद असते. अशा माणसाला मोठ्याने बोललेले स्वच्छ समजते, आणि बहुतेकदा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने त्याचा कान सुधारतो. हे दोन प्रकार ओळखण्यासाठी कानामागच्या हाडावर यंत्र टेकवून दुसऱ्यांदा तपासतात. ती तपासणी झाली का, हे विचारून घ्यावे.

शब्दांची परीक्षा, आपल्या भाषेत

शब्दांच्या परीक्षेचे दोन भाग असतात. पहिल्यात ओळखीचे शब्द हळूहळू लहान आवाजात ऐकवतात आणि निम्मे शब्द बरोबर म्हणता येतील असा सर्वांत हळू आवाज शोधतात. हा आकडा आणि ‘पीं’च्या तपासणीची सरासरी जवळपास जुळली पाहिजे. फार फरक आला तर कुठे तरी चूक आहे असे समजून तपासणी पुन्हा करतात. दुसऱ्या भागात आरामात ऐकू येईल एवढ्या आवाजात पंचवीस किंवा पन्नास शब्द ऐकवतात आणि किती बरोबर म्हटले त्याचे टक्के काढतात. हे मात्र खरोखरचे टक्के. या वेळी तपासणारा आपले तोंड दिसू देत नाही, कारण आपण सगळेच थोडेफार ओठ पाहून ऐकत असतो. २०२० साली करोनात सगळ्यांनी तोंडाला मास्क लावले, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळले की आपण इतकी वर्षे कानापेक्षा डोळ्यांनी ऐकत होतो.

शब्दांच्या यादीत त्या भाषेतले आवाज बोलण्यात जसे येतात तशा प्रमाणात यावे लागतात. इंग्रजी यादीत ‘ळ’ नाही, ‘ठ’ नाही, ‘चाक’मधला ‘च’ही नाही. म्हणून मराठी माणसाची परीक्षा मराठी शब्दांनीच झाली पाहिजे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली अली यावर जंग यांच्या नावाने राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. वाचा आणि श्रवण हाच तिचा विषय. आपल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांतही या विषयाची पदवी आहे. ही विद्या शिकलेल्या माणसाला ऑडिओलॉजिस्ट म्हणतात. “मराठी शब्दांनी तपासा,” असे त्यांना सांगण्यात संकोच कसला?

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे. बागलाण, मालेगाव, कळवण, देवळा या भागांत अहिराणी बोलतात. अहिराणीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’ होतो. तपासणाऱ्याने ‘काळा’ म्हटले आणि आजीबाईंनी ‘काया’ म्हटले, तर त्यांचा कान चुकला का? मुळीच नाही. ऐकले बरोबर, म्हटले आपल्या बोलीत. तसेच ‘पाणी’ ऐकून ‘पानी’ म्हणणारे आपल्यात निम्मे गाव निघेल. तपासणारा बाहेरगावचा असेल तर तो यावर चूक मांडण्याचा संभव आहे. तेव्हा बरोबरच्या माणसाने आधीच सांगावे, “आमच्याकडे असं बोलतात.” हे सांगितल्याने गुण बदलतात, आणि गुण बदलले की निदान बदलते.

याच्या उलटही घडते. काही जणांची ‘पीं’ची तपासणी अगदी चांगली येते आणि तरी शब्द कळत नाहीत. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत दोष असला की असे होते. अशा माणसाला “ढोंग करतो” म्हणून घरचे मोडीत काढतात. शब्दांची परीक्षा झाली असती तर हा अन्याय टळला असता.

मिल, टर्बाइन आणि ट्रॅक्टर

आपल्या कारखान्यात मिलवर, टर्बाइनवर काम करणारे कामगार आणि बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर दिवसभर बसणारे आपण सगळे, यांचा कान गोंगाटाने जातो. नियमाप्रमाणे ९० डेसिबलच्या गोंगाटात दिवसाला आठ तास ही मर्यादा आहे. ९५ ला चार तास, १०० ला दोनच तास. गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात कळविण्यायोग्य रोग म्हणून नोंदलेला होता.

येथे ‘पीं’च्या तपासणीचा मोठा उपयोग आहे, तो नाकारून चालणार नाही. गोंगाटाचा पहिला घाव बहुधा ४००० च्या आसपास पडतो. आलेखावर तिथे खड्डा दिसतो. त्या वेळी माणसाला बोलणे सगळे समजत असते, तक्रार काहीच नसते. वर्षातून एकदा तपासले तर हा खड्डा वेळीच दिसतो आणि कानात प्लग किंवा मफ वापरून पुढचे नुकसान टाळता येते. कानात कापसाचा बोळा घालून हे काम होत नाही.

कायदा काय पाहतो

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी अनेक सभासद जिल्हा रुग्णालयात जातात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बोलण्याच्या सुरांवर दोन्ही कानांचे नुकसान ७० डेसिबल असेल तर ‘बहिरा’, आणि ६० ते ७० असेल तर ‘ऐकण्यास कमी’ अशी व्याख्या आहे. व्याख्या डेसिबलची आहे. शब्द किती कळतात याचा तीत उल्लेख नाही. वरच्या उदाहरणातला पहिला सभासद ३६ वर आहे. कायद्याच्या लेखी त्याला काही झालेले नाही. पण सर्वसाधारण सभेत लाउडस्पीकरवर ताळेबंद वाचला जातो, भावाचा ठराव मांडला जातो, सगळ्यांचे हात वर होतात, आणि हा शेजाऱ्याकडे पाहून हात वर करतो. हक्काचा सभासद, पण कशाला मत दिले हे त्याला ठाऊक नाही. हे नुकसान कोणत्याही कागदावर येत नाही.

आता काय करावे

आवाज येतो पण शब्द कळत नाही, गर्दीत गोंधळ होतो, टीव्हीचा आवाज वाढत चालला आहे, अशी खूण दिसली की आधी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. कानात तेल, काडी, किल्ली घालू नये. दोन्ही तपासण्या मागाव्यात, सुरांची आणि मराठी शब्दांची. जमल्यास गोंगाटातली शब्दपरीक्षाही करून घ्यावी, कारण आपण बंद खोलीत राहत नाही. कागद जपून ठेवावा. पुढच्या वेळी रेघ किती सरकली ते त्यावरून कळते.

एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले तर तो दिवस वाया घालवू नये, लगेच जावे. उपचाराची संधी थोड्याच दिवसांची असते. एकाच कानाने शब्द कळेनासे झाले तरी डॉक्टरांना जरूर दाखवावे.

बाजारात मिळणारे आवाज वाढवणारे यंत्र पोस्टाने मागवू नये. ते सगळेच सूर सारखे वाढवते, आणि आधीच ऐकू येणारा ‘ऊ’ आणखी मोठा होतो. चांगले श्रवणयंत्र आलेख पाहून जिथे कमी आहे तिथेच भर घालते. ते लावून पुन्हा शब्दांची परीक्षा घ्यायला सांगावे. गुण वाढले तर यंत्र कामाचे. वापराची सवय व्हायला काही आठवडे जातात, तोवर ते ट्रंकेत टाकू नये. केंद्र शासनाच्या ॲडिप योजनेत उत्पन्नाच्या अटीवर श्रवणयंत्रासाठी मदत मिळते. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

घरच्यांनी ओरडू नये. समोर येऊन, तोंड दिसेल असे, जरा सावकाश बोलावे. न कळलेला शब्द तसाच परत न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगावा. आकडा सांगताना तर नक्कीच. “सात तारीख, म्हणजे परवा सोमवारी,” असे.

आबांची शब्दांची परीक्षा नंतर झाली. पंचवीसपैकी सात शब्द चुकले. चुकलेल्यांत ‘साठ’ होता, ‘थाट’ होता, ‘ऊस’ही होता. ‘गूळ’ बरोबर आला. कागद पाहून आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे पोरगं खरं बोलत होतं.” दुसऱ्या दिवशी गट ऑफिसात जाऊन त्यांनी चिटबॉयला तसे सांगितले. चिटबॉयही आता तारखेबरोबर वार सांगतो, आणि सांगून झाल्यावर विचारतो, “आबा, कधी येणार टोळी, सांगा बरं?”

शेतकी विभागाच्या आणि काट्यावरच्या सर्व कर्मचाऱ्यांनी हीच पद्धत ठेवावी आणि वयस्कर सभासदांना तारीख व वजन कागदावर लिहून द्यावे, अशी आमची विनंती आहे. सभासदांनीही न कळलेले पुन्हा विचारण्यात कमीपणा मानू नये.